अण्णांची वही आणि आईंचा शब्द

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

माझे वडील, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणत असे, गेल्या कार्तिकात वयाच्या 78 व्या वर्षी वारले. फलटण तालुक्यातील आमच्या गावी त्यांचे किराणा मालाचे दुकान होते. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीचा उपवास, दिवेलागणीला दुकानातच हरिपाठ आणि माउलींची पालखी आमच्या भागात आली की एका दिंडीला आमच्या घरची पंगत, हे सगळे मी कळायला लागल्यापासून पाहत आले. आषाढीच्या आठवड्यात सगळीकडे साबुदाणा आणि भगर महाग होत असे, पण अण्णांनी उपवासाच्या जिनसांचा भाव त्या दिवसांत कधी वाढवला नाही.

आता वर्षश्राद्ध जवळ आले आहे. दादाला मोठे कीर्तन ठेवायचे आहे आणि पुढाऱ्यांच्या हस्ते रंगीत स्मरणिका प्रकाशित करायची आहे. लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे, पण 'प्रेमळ, धार्मिक, दानशूर' यापुढे माझा हात सरकत नाही. त्यातच अण्णांच्या पेटीत एक जुनी वही सापडली. कोणाला किती पैसे हातउसने दिले आणि कोणता माल उधारीवर दिला, याच्या नोंदी तिच्यात आहेत. बऱ्याच नोंदींसमोर जमेच्या रकान्यात आकडाच नाही, तिथे नुसते 'पांडुरंग' असे लिहिले आहे. दादावर घराचे कर्ज आहे, त्यामुळे जेवढे वसूल होईल तेवढे करावे असे त्याचे म्हणणे आहे. अण्णांनी किती जणांना हात दिला हे लोकांना कळावे, म्हणून धाकट्याला ती नावे स्मरणिकेत छापायची आहेत. आई कोणालाच काही बोलत नाही. एकदाच म्हणाली, "लोकांना काय दिलं ते वहीत आहे. घरातून काय गेलं ते मला विचारा."

बारावीनंतर माझ्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे अण्णांनी शेजाऱ्यांच्या ऑपरेशनला दिले आणि माझे एक वर्ष वाया गेले. आईच्या पाटल्याही अशाच एका अडचणीत गहाण पडल्या, त्या परत आल्या नाहीत. हे लिहावे का? लिहिले तर अण्णांचा अपमान होईल का?

– एक मुलगी, जि. सातारा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्याला लिहिता येत नाही असे तुम्ही म्हणता, पण तुमच्या लेखाचे पहिले वाक्य तुम्ही या पत्रातच लिहून टाकले आहे. आषाढीच्या आठवड्यात अण्णांनी साबुदाण्याचा आणि भगरीचा भाव वाढवला नाही, हे ते वाक्य. ज्या आठवड्यात या दोन जिनसांना सगळ्यांत जास्त मागणी असते आणि किलोमागे चार पैसे जास्त घेतले तरी एकही गिऱ्हाईक तक्रार करणार नाही, त्याच आठवड्यात भाव न वाढवण्यासाठी त्या माणसाच्या श्रद्धेला गल्ल्यापर्यंत यावे लागते. माळ, उपवास आणि हरिपाठ ही त्यांच्या भक्तीची ओळख खरीच, पण ती आपल्याकडे हजारो घरांत आढळते. उपवास करणाऱ्याकडून उपवासाच्या वस्तूचा जास्त पैसा घ्यायचा नाही, हा नियम मात्र तुमच्या अण्णांनी स्वतः ठरवून घेतलेला दिसतो. 'धार्मिक' हे विशेषण एकदाही न वापरता या एका गोष्टीतून ते वाचणाऱ्याला कळेल. त्यामुळे आधी तिन्ही विशेषणे बाजूला ठेवा आणि अशा आणखी आठ-दहा गोष्टी गोळा करा.

त्या तुम्हाला एकटीला आठवणार नाहीत, कारण मुलांना वडील बहुधा घरातलेच माहीत असतात. घाऊक बाजारात अण्णा ज्यांच्याकडून माल उचलत त्या व्यापाऱ्याला भेटा, पोती उतरवणाऱ्या हमालांना भेटा, आणि ज्या दिंडीला तुमच्या घरची पंगत असे तिच्या विणेकऱ्यांशी बोला. "अण्णा कसे होते?" असे विचारू नका, कारण या प्रश्नाला सगळीकडे 'देवमाणूस' हे एकच उत्तर मिळते आणि पुढचे बोलणे तिथेच थांबते. नेमके विचारा. 1972 च्या दुष्काळात अण्णा जेमतेम पंचविशीचे असतील. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर माणसे जात होती, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. त्या वर्षी दुकानात काय शिल्लक होते आणि ते कोणाला कसे दिले गेले, असे विचारा. 2020 साली पायी वारी झाली नाही आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या आषाढात पंगतीसाठी बाजूला काढलेला शिधा अण्णांनी कुठे पोहोचवला, हेही विचारा. साल आणि प्रसंग समोर ठेवला की माणसाला आठवू लागते, आणि आठवले की तो आपल्याच शब्दांत सांगतो. ते शब्द होता होईल तो तसेच ठेवा, पुस्तकी करू नका.

आता तुमच्या आईंच्या वाक्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. अण्णांची वही जपून ठेवण्याजोगी आहे, पण ती अर्धाच हिशेब सांगते. संसारी माणसाचे औदार्य त्याच्या एकट्याच्या खिशातून खर्च होत नाही. घरात आलेला पैसा दुसऱ्याला दिला, म्हणजे घरातल्या कोणाचा तरी सण साधेपणाने झाला, कोणाचे लुगडे एक वर्ष पुढे ढकलले गेले, आणि तुमच्या बाबतीत तर शिक्षणाचे एक वर्षच गेले. देणाऱ्याचे नाव गावभर होते, आणि ज्यांनी ते देणे निभावले त्यांचे नाव घरातही कोणी घेत नाही. आपल्या संतचरित्रांत ही बाजू दडवलेली नाही. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर भजनात रमलेला असताना त्याच्यासाठी भाकरी घेऊन तो डोंगर चढणारी जिजाई, घरात दाणा नाही म्हणून त्याला फटकळपणे बोलणारी जिजाई, ही तुकोबांच्या चरित्रात जागोजागी आहे. कीर्तनात ती कित्येकदा हसण्यासाठी वापरली जाते, ते मला कधीच पटलेले नाही. मुलांच्या तोंडात चार घास पडतील ही काळजी तीच वाहत होती, आणि ती वाहिली नसती तर त्या घरात भजनाला निवांतपणा कुठून मिळाला असता?

तेव्हा स्मरणिकेतला अर्धा भाग आईंचा ठेवा. त्यांना समोर बसवून मुलाखत घेऊ नका, अशा वेळी माणूस अवघडतो. त्या धान्य निवडत असतील किंवा लसूण सोलत असतील तेव्हा शेजारी बसा, त्यांना विचारूनच मोबाइलवर आवाज टिपून घ्या, आणि पंगतीपासून सुरुवात करा. दिंडीतली किती माणसे जेवायला असत, आदल्या रात्री कोणकोणत्या घरच्या बाया मदतीला येत, पिठले किती आणि भाकरी किती लागत, चुली कुठे मांडत, अंगणातल्या पंक्ती उठेपर्यंत त्या स्वतः केव्हा जेवत, हे विचारा. तुम्ही तिला 'आमच्या घरची पंगत' म्हणता, अण्णांचा मित्रपरिवार तिला 'अण्णांची पंगत' म्हणत असेल, आणि ती रांधली मात्र आईंनी. मग हळूहळू त्या पाटल्यांविषयीही बोलतील. बोलल्या नाहीत तर आग्रह करू नका. एवढ्या वर्षांचे दाबून ठेवलेले एका दुपारी बाहेर येत नाही, आणि ते बाहेर आणण्याची मुदत छापखान्याने ठरवू नये.

वहीचा प्रश्न तुम्ही तिघांनी मिळून सोडवायचा आहे, आणि त्यात दादाला खलनायक ठरवू नका असे मी आग्रहाने सांगेन. ज्याच्यावर घराचे हप्ते आहेत त्याने येणे मागितले तर ते पाप होत नाही. तुकोबांच्या खतांची, म्हणजे कर्जाच्या कागदांची, गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. घरात सावकारी होती, दुष्काळात माणसे देशोधडीला लागली होती, आणि तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खते इंद्रायणीत बुडवली. या गोष्टीचा एक भाग मात्र सांगताना बहुतेक वेळा गाळला जातो. परंपरेने सांगितलेल्या चरित्राप्रमाणे तुकोबांनी आधी त्या खतांची वाटणी केली, धाकटे भाऊ कान्होबा यांचा हिस्सा त्यांना दिला, आणि पाण्यात सोडली ती फक्त आपल्या वाट्याची. भावाच्या प्रपंचाचा पैसा आपल्या वैराग्यासाठी खर्च करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी जाणले होते. तुमच्या घरी हीच वाटणी करा.

तिची रीत अशी. आधी वहीचे दोन भाग करा. ज्या नोंदींसमोर अण्णांनी स्वतःच्या हाताने 'पांडुरंग' लिहिले आहे, त्या त्यांनी जमा धरल्या आहेत. ते येणे त्यांनी हयातीतच सोडून दिले, आणि आपले येणे असे सोडून देण्याची मुभा 1872 चा भारतीय करार कायदाही धनकोला देतो. त्या नोंदींना कोणीही हात लावू नये, दादानेही नाही. उरलेल्या नोंदींमध्ये जुन्या किती आणि अलीकडच्या किती ते पाहा. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे हातउसने दिलेल्या पैशांसाठी आणि उधारीवर दिलेल्या मालासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. त्या मुदतीत ऋणकोने लेखी कबुली दिली किंवा लेखी नोंद करून काही रक्कम भरली, तरच ती नव्याने मोजली जाते. म्हणजे वहीतली बरीचशी पाने कायद्याने आधीच मिटलेली असणार. जे थोडे मुदतीत उरेल ते, अण्णांनी मृत्युपत्र केले नसेल तर, 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि दोघे भाऊ अशा चौघांचे सारख्या हिश्शाने आहे. अण्णांच्या मातोश्री हयात असतील तर त्यांचाही तेवढाच हिस्सा लागतो. न्यायालयातून वसुली करायची तर उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावे लागते, त्यासाठी वेळ आणि खर्च दोन्ही लागतात. दोन-चार हजारांच्या येण्यासाठी कोणताही शहाणा वकील हा सल्ला देणार नाही.

आकडा एकदा कागदावर आला की दादाचा आग्रह बराचसा आपोआप निवळेल, असा माझा अंदाज आहे. नाहीच निवळला, तर त्याने आपल्या चौथ्या हिश्शापुरते मागावे, तुम्ही आपला हिस्सा सोडून द्यावा, आणि आईंच्या हिश्शाचे काय करायचे ते आईंनी सांगावे. मागायचे तर वर्षश्राद्ध उरकल्यानंतर, घरी जाऊन, एकदाच आणि एकट्याला गाठून मागावे. अण्णांनी व्याज घेतले नसेल तर व्याजाचा उल्लेखही करू नये. एवढे मात्र दादाला माझ्या वतीने सांगा, की ज्याला कीर्तनाला बोलावले त्याच्याकडे त्याच दिवशी मांडवात पैशाचा विषय काढला, तर तो माणूस पुन्हा तुमच्या उंबऱ्याला येणार नाही.

धाकट्याचा हेतू चांगला आहे, तरी नावे छापण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्यांनी दुष्काळात दोन पायली ज्वारी नेली, त्यांची मुले आज शिक्षक असतील, कोणाची सून नुकतीच घरात आली असेल. आपल्या सासऱ्याने कधीकाळी उधारी फेडली नव्हती हे त्या सुनेने तुमच्या स्मरणिकेत वाचावे, यात अण्णांचा कसला गौरव आहे? ज्या माणसाने येण्याच्या जागी देवाचे नाव लिहिले, त्याने घेणाऱ्याची लाज झाकली होती. ती उघडी पाडून त्याचे औदार्य सिद्ध करणे म्हणजे त्याने केलेले मोडून टाकणे होय. वहीतले एखादे पान छायाचित्र म्हणून छापायचे असेल तर नावाचा रकाना पूर्ण झाकून छापा, जमेचा रकाना दिसू द्या. त्या एका चित्राचे काम दोन पानांच्या यादीने होणार नाही. आणि ज्यांना स्वतःहून सांगायचे आहे त्यांच्यासाठी मांडवात एक कोरी वही ठेवा. कोणाला काय लिहायचे, नाव घालायचे की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

कीर्तन अवश्य ठेवा, वारकऱ्याच्या घरी ते शोभून दिसते. कीर्तनकार महाराजांना ऐनवेळी गुणगौरवाची चिठ्ठी देऊ नका. चार-आठ दिवस आधी त्यांना भेटून साबुदाण्याच्या भावाची आणि जमेच्या रकान्याची अशा दोनच गोष्टी सांगा. निरूपणाला अभंग कोणता घ्यावा असे त्यांनी विचारले, तर 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें' हा तुकोबांचा अभंग सुचवा. धन कसे वेचावे याच्या आधी ते कसे जोडावे हे त्यात सांगितले आहे, म्हणून दुकानदाराच्या स्मरणाला तो मला फार योग्य वाटतो. पुढाऱ्यांच्या हस्ते प्रकाशन मात्र टाळता आले तर टाळा. पाहुण्याला उशीर होतो, त्याच्या सत्कारात वेळ जातो, आणि ज्याच्यासाठी जमलो त्याचा फोटो हारामागे राहतो. स्मरणिका पहिल्यांदा कोणाच्या तरी हाती द्यायचीच असेल, तर ती दिंडीच्या विणेकऱ्यांच्या हाती द्या. रंगीत छपाईत वाचलेले पैसे पुढच्या आषाढातील पंगतीसाठी ठेवा, कारण नवा पुरस्कार किंवा नवी कमान उभारण्यापेक्षा चालत आलेली पंगत चालू ठेवणे अण्णांना अधिक आवडले असते, असे तुमच्या पत्रावरून वाटते. तीही झेपेल एवढीच करा. अण्णांच्या काळी दिंडीला पोटभर जेवण होते आणि तुम्हाला चहा-पोह्यांचेच जमणार असेल, तर चहा-पोहे करा. आणि यापुढे चुलीपाशी कोण उभे राहणार, हे भावांनी आपल्या बायकांना गृहीत न धरता आधी ठरवावे.

राहिला तुमच्या वाया गेलेल्या वर्षाचा प्रश्न. ते लिहिल्याने अण्णांचा अपमान होत नाही. ते गाळले तर मात्र अण्णा खोटे होतील, कारण ज्याच्या देण्याने कोणाचेच काही गेले नाही असा माणूस वाचणाऱ्याला खरा वाटत नाही. शेजाऱ्याचा जीव आणि मुलीचे कॉलेज यांतून एका संध्याकाळी एक निवडावे लागलेला बाप लोकांना समजेल, आणि त्यातल्या कित्येकांना आपला बाप आठवेल. हे लिहिताना निवाडा करू नका. त्यांनी बरोबर केले असेही लिहू नका, चुकले असेही लिहू नका. त्या दिवशी घरात काय बोलणे झाले, तुम्ही किती दिवस अबोला धरला, ते वर्ष तुम्ही दुकानात बसून काढले की शेतात, पुढच्या जूनमध्ये फीचे पैसे कुठून आले, आणि अण्णा त्याविषयी नंतर कधी एका शब्दाने तरी बोलले का, एवढे घडले तसे लिहा. ते कधीच बोलले नसतील, तर तेही लिहा. तुमचा राग अजून पुरता गेलेला नाही हे तुमच्या पत्रावरून जाणवते. त्या रागासकट तुम्ही लिहिलेत तरी चालेल. वडिलांवर माया असणे आणि त्या एका गोष्टीचे वाईट वाटणे, हे दोन्ही एकाच मुलीच्या मनात राहू शकते. ज्यांच्या घरी ऑपरेशन झाले त्या शेजाऱ्यांची ओळख पटेल असे काही मात्र त्यात ठेवू नका.

पाटल्यांचे तुम्ही लिहायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क तुमचा नाही, आईंचा आहे. मजकूर पूर्ण झाला की छापखान्यात देण्याआधी, भाऊ घरात नसताना, तो त्यांना सावकाश वाचून दाखवा. त्या जिथे थांबवतील तिथे थांबा, जे बदलायला सांगतील ते बदला, आणि एखादे वाक्य खोडायला सांगितले तर कारण न विचारता ते खोडा.